तुम्ही विचारलंत म्हणून: आईच्या केसचे किती मिळाले?

डिचोलीच्या बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच विचारतात. आकडा सांगता येत नाही. आईच्या ऑपरेशनमधल्या चुकीबद्दल इस्पितळाशी तडजोड झाली तेव्हा तशी अट मी मान्य केली. पण पुष्कळदा मागोमाग आवाज खाली येतो, "आमच्याकडेही असंच झालंय. करावं का काही?" त्याचं उत्तर देतो.

आधी तारखा काढा. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांत करावी लागते. आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन एका खाजगी इस्पितळात झालं आणि पोटात गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीदार कापड, राहिला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पुन्हा पोट उघडलं तेव्हा तो निघाला. दोन वर्षं त्या दिवसापासून, असा माझा हिशेब. वकिलांनी नकारार्थी मान हलवली आणि एक निकाल सांगितला. गोव्याच्याच सरकारी रुग्णालयातली परिचारिका. १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन, मग नऊ वर्षं पोटदुखी आणि गोळ्या. २००२ मध्ये गॉज निघाला, २००४ मध्ये तिने तक्रार केली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. आत काय राहिलंय हे रुग्णाला कळतं तेव्हापासून मुदत धरता येते, हे न्यायालयालाही मान्य होतं. पण कळून घेता आलं असतं, तर तेव्हापासून. न्यायालयाचं म्हणणं, इतकं दुखत होतं, तूही याच क्षेत्रातली, मग त्या डॉक्टरांना विचारलं का नाहीस?

मला अजून हे पटत नाही. आमच्या बायका सोसतात, ते काय हौसेने? पण पटो न पटो, दुखलं की परत जा आणि गेल्याची नोंद करून घ्या. केस पेपर लेखी मागा. ते ७२ तासांत द्यावेत असा २००२ पासून डॉक्टरांना नियम आहे. (जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती इस्पितळं ग्राहक कायद्यात येत नाहीत. तिथे वाट दिवाणी न्यायालयाची.)

आमची आई वाचली ती कालनिर्णयमुळे. केस वाचली म्हणायचं होतं मला. तारखेच्या चौकोनात तिने लिहिलं होतं, "पोट दुखलें. दाक्तरांकडे. गॅस म्हणाले." चार महिन्यांत सहा वेळा. ती पानं वकिलांनी फाईलला लावली, आणि पर्वरीच्या ग्राहक आयोगातल्या प्रत्येक तारखेला आई मला एकच विचारायची, "कॅलेंडर कधी देणार रे ते? दुधाचा हिशेब आहे त्यावर."