दोरी, टॉर्च आणि बल्ब मोड

अंध छायाचित्रकारांच्या कामात मिट्ट काळोख आणि त्यातून हाताने सारवल्यासारखा उजेड वारंवार दिसतो. स्लोव्हेनियात १९४६ साली जन्मलेले एव्हगेन बावचार यांची दृष्टी लहानपणीच गेली. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी अंधारात हातातल्या दिव्याने चेहरे आणि मूर्ती उजळून फोटो काढले. अमेरिकेतले छायाचित्रकार पीट एकर्ट रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे अंध झाले. त्यांचंही बरंच काम असंच, उघड्या शटरसमोर उजेड फिरवून झालेलं. खोलीत अंधार केला की डोळसालाही व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही. तिथे स्पर्श आणि कान ज्याचे तयार, त्याचं काम सरस होतं. हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं, आणि ते कुणालाही शिकता येतं.

खोली पूर्ण अंधारी हवी. दाराखालची फट, राऊटरचे दिवे, सगळं झाका. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११, मोड बल्ब, म्हणजे बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं. शटर केबल रिलीजने, म्हणजे वायरच्या टोकावरच्या बटणाने उघडायचं; बोटाने दाबून धरलं तर कॅमेरा हलतोच.

फोकस दोरीने. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/११ला २ मीटरवर लावली, तर साधारण १.३ ते ४.३ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ट्रायपॉडला दोरी बांधा, २ मीटरवर गाठ मारा आणि ती समोरच्याच्या नाकाशी आणा. एक-दोन वीत इकडेतिकडे झालं तरी चालतं. लेन्स जुनी, मॅन्युअल घ्या. तिची फोकसची रिंग दोन्ही टोकांना अडते, ॲपर्चरचे टप्पे टक्‌टक् मोजता येतात. नव्या कित्येक लेन्सची रिंग नुसतीच गोल फिरत राहते, बोटांना पत्ता लागत नाही. २ मीटरच्या खुणेवर एम-सीलचा बारीक ठिपका लावला की काम सोपं.

टॉर्चला काळ्या कार्डपेपरची नळी करा, नाहीतर टॉर्चचा दिवाच लेन्सला दिसतो आणि फोटोत पांढरी रेघ उमटते. अर्ध्या मीटरवरून टॉर्च १ मीटरवर नेला तर उजेड पावपट उरतो, म्हणून आधी डाव्या हाताने अंतर चाचपायचं, हात काढायचा, मगच टॉर्च लावायचा. सेकंद तोंडाने मोजायचे. टॉर्च एका जागी थांबला की तिथली कातडी जळते, म्हणजे फोटोत पांढरीफटक होते. चेहरा एका दमात उजळून घ्या. खांदे, हात झाल्यावर पुन्हा चेहऱ्याकडे वळलात तर तोवर माणूस हललेला असतो आणि डोळे दुहेरी येतात. पाठ टेकायला खुर्ची द्याच.

‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ (शटर बराच वेळ उघडं राहिल्यावर येणारे ठिपके पुसणारी कॅमेऱ्यातली सोय) बंद ठेवा. चालू असेल तर २ मिनिटांच्या एक्स्पोजरनंतर बहुतेक कॅमेरे आणखी २ मिनिटं गप्प बसतात, आणि स्क्रीन न दिसणाऱ्याला कॅमेरा अडकलाय की चालू आहे ते कळत नाही.

राहिली फोटोंची निवड. पार्थो भौमिक यांनी २००६मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ उपक्रमात फोटोंच्या उठावाच्या, हाताने वाचता येणाऱ्या प्रती केल्या जातात. घरी ती सोय नसते, मग कुणाला तरी वर्णन करायला सांगावं लागतं. ‘छान आलाय’ म्हणणारा मदतनीस काही उपयोगाचा नाही. घड्याळाप्रमाणे जागा सांगायला लावा: चेहरा ११च्या दिशेला, उजवा कान जळलाय, कोपर चौकटीबाहेर गेलंय. ठेवायचा की टाकायचा ते फोटो काढणाराच ठरवेल, आणि कोपर बाहेर गेलेलाच त्याला हवा असेल तर तोच छापायचा.