राणीच्या चेहऱ्यावर छापलेलं घाना

मी मुंबईत एका स्टॅम्प डीलरकडे कामाला आहे, लोकांनी विकायला आणलेले जुने अल्बम तपासायचे, भिंगाखाली एकेक तिकीट बघायचं आणि किंमत लावायची. गेल्या महिन्यात एक बाई वडिलांचा अल्बम घेऊन आल्या, वडील पूर्वी घानाच्या राजधानीत, अक्राला, नोकरीला होते. सुरुवातीची पानं गोल्ड कोस्टची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या घानाची, राणी एलिझाबेथचं चित्र असलेली तिकिटं, ती ढिगाने मिळतात म्हणून मी भराभर पानं उलटत होते.

मधेच एक पाकीट निघालं, शिक्का ६ मार्च १९५७ चा! म्हणजे घानाच्या स्वातंत्र्याचाच दिवस. एक तिकीट तेच राणीचं, पण त्यावर घाना आणि स्वातंत्र्याची तारीख ओव्हरप्रिंट केलेली, म्हणजे जुन्या तिकिटावरच वरून छापलेली, आणि त्याला चिकटून नवं तिकीट, त्यावर पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा, आफ्रिकेचा नकाशा आणि एक गिधाड. देशाची राणी तेव्हाही एलिझाबेथच होती बरं का, प्रजासत्ताक व्हायला १ जुलै १९६० उजाडला, तरी तिकिटावर चेहरा पंतप्रधानांचा. एन्क्रुमांचं म्हणणं होतं की आमच्या खूप लोकांना लिहिता वाचता येत नाही, आपण स्वतंत्र झालोय हे त्यांना खुणांमधूनच दाखवायला हवं. मला हे फार पटतं, तिकीट कुठल्याही गावात पोचतं.

पुढची पानं मात्र मी हळूहळू बघितली. १९ जुलै १९६५ ला पौंड जाऊन सेडी हे नवं चलन आलं, पुन्हा जुन्याच तिकिटांवर नवीन चलनाचा ओव्हरप्रिंट. मग २४ फेब्रुवारी १९६६, एन्क्रुमा हनोईला जायला निघालेले, चीनमध्ये असतानाच इकडे लष्कर आणि पोलिसांनी सत्ता घेतली, अक्रातला त्यांचा पुतळा लोकांनी पाडला. १९६७ ला त्या उठावाच्या पहिल्या वर्षदिनाची तिकिटं निघाली आणि त्याच महिन्यात न्यू सेडी आला, म्हणजे दोन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा चलन बदललं आणि तिकिटांवर परत नव्या किमती छापल्या. वडिलांनी हे सगळं तारखेप्रमाणे हिंजने, म्हणजे तिकीट चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीने, लावलेलं, बाजूला एक अक्षर लिहिलेलं नाही.

आमच्याकडे असे अल्बम फोडूनच विकतात, सुट्या सेटला गिऱ्हाईक पटकन मिळतं. मी साहेबांना म्हटलं, हा फोडू नका, त्या पाकिटाला पुढची पानं जोडूनच अर्थ आहे. ते बराच वेळ अल्बम चाळत बसले, मग म्हणाले, ठीक आहे, सगळा मिळून एकच लॉट कर, पण वर्णन तू लिही. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत मी तेच लिहीत होते.