कार्बोप्लॅटिनचा डोस आणि क्रिएटिनिनचा कागद

अंडाशयाच्या कॅन्सरची केमो सुरू झाली की घरच्यांचं सगळं लक्ष सीए-१२५कडे, म्हणजे कॅन्सर किती हटला याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीकडे. ३५च्या खाली आला का, हाच पहिला प्रश्न, आणि तो साहजिक आहे. पण त्या दिवशी बाटलीत किती औषध जाणार हे ठरवणारा आकडा फाईलमध्ये दोन पानं मागे असतो: सीरम क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत हे सांगणारा रक्तातला आकडा. तो नीट असावा म्हणून घरची माणसं बरंच करू शकतात.

या केमोत बहुधा दोन औषधं असतात, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. पॅक्लिटॅक्सेलचा डोस उंची-वजनावरून निघतो, दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम, तीन तासांत. कार्बोप्लॅटिनचं तसं नाही. ते बहुतांशी लघवीवाटे जातं, त्यामुळे मूत्रपिंडं किती वेगाने गाळतात त्यावर ते रक्तात किती काळ राहील हे अवलंबून. हिलरी कॅल्व्हर्ट यांनी १९८९ मध्ये त्याचं साधं सूत्र मांडलं: जीएफआरमध्ये (मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग, मिनिटाला इतके मिलिलिटर) २५ मिळवा आणि एयूसीने (रक्ताला एकूण किती औषध मिळावं याचं ठरवलेलं लक्ष्य) गुणा. एयूसी बहुधा ५ किंवा ६ धरतात.

जीएफआर मात्र बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, क्रिएटिनिनवरून अंदाजतात. १४०मधून वय वजा करून वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, आणि बाईमाणूस असेल तर ०.८५ने गुणायचं. साठ वर्षांच्या, ४८ किलोच्या काकूंचं क्रिएटिनिन ०.८ असेल तर जीएफआर ५७ येतो आणि एयूसी ५ला डोस ४१० मिलिग्रॅमच्या आसपास. तेच क्रिएटिनिन ०.५ आलं तर डोस ५८०वर जातो! मूत्रपिंडं काही एकाएकी तरुण झालेली नसतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि जेवण तुटलेल्या, हाडं दिसू लागलेल्या बाईच्या अंगात स्नायूच उरलेला नसतो. म्हणून अनेक ठिकाणी ०.७च्या खालचा आकडा ०.७च धरतात, आणि जीएफआर १२५च्या वर मोजत नाहीत. डोस जास्त झाला तर मार बसतो तो प्लेटलेट्सना, साधारण तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमका पुढची सायकल, केमोची पुढची फेरी, घ्यायच्या वेळी.

वजनाचंही तसंच. पोटात पाणी भरलेलं असताना काटा ५४ दाखवतो, खरं वजन ४८ असतं. वरच्या हिशोबात ते सहा किलो पाणी पस्तीसेक मिलिग्रॅम वाढवतं. पाणी काढलं असेल तर नवं वजन सांगा. मागच्या महिन्याचं वजन फाईलमधून उतरवून घेऊ देऊ नका.

हा सगळा खटाटोप कार्बोप्लॅटिनमधल्या प्लॅटिनम धातूमुळे. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबून दोऱ्यासारखे लांबत गेले, आणि कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेली संयुगं होती. ते वर्ष १९६५. लंडनच्या रॉयल मार्सडनमध्ये ईव्ह विल्टशॉ यांनी त्यातलंच एक संयुग, सिसप्लॅटिन, अंडाशयाच्या कॅन्सरवर वापरून पाहिलं, तर इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ पासून ते वृषणाच्या कॅन्सरवर. (युवराजसिंग २०१२ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली होता.) एकच औषध स्त्रीरोग आणि युरॉलॉजी दोन्हीकडे पोचलं, पण ते मूत्रपिंडंच जाळायचं, भरपूर सलाईन चढवल्याशिवाय देता येत नसे. त्यामानाने सौम्य म्हणून कार्बोप्लॅटिन आलं.

सौम्य असलं तरी बडोद्याच्या मे महिन्यात गाफील राहून चालत नाही. केमोनंतरचे तीन-चार दिवस उलट्या, बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि पाणी तोंडाला लावलं की मळमळ. एकदम ग्लासभर देऊ नका, दर दहा मिनिटांना दोन घोट; सरबत, ताकाची निवळ, पेज, जे उतरेल ते. लघवी गडद पिवळी झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही तर फोन करा. आणि सांधे दुखतात म्हणून दांडिया बाजारातल्या दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी स्वतःच्या मनाने आणू नका. ही गोळी, उन्हाने कोरडं पडलेलं शरीर आणि प्लॅटिनम ही तिन्ही एकत्र आली की क्रिएटिनिन चढतंच. सायकलच्या आदल्या दिवशी किंवा फार तर दोन दिवस आधी रक्त द्या, शक्यतो दरवेळी त्याच लॅबमध्ये.

एक गोष्ट क्रिएटिनिन लपवतं. ओटीपोटातली गाठ एका बाजूची मूत्रनलिका दाबते, दुसरं मूत्रपिंड भार उचलतं आणि आकडा सरळच येतो. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टात हायड्रोनेफ्रोसिस (लघवी तुंबून फुगलेलं मूत्रपिंड) शब्द आहे का ते बघा. असेल तर युरॉलॉजिस्ट बहुधा डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकतात. त्याने थोडी जळजळ, सारखी लघवी, फार चाललं तर लालसर लघवी होते. थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्र काढू नका. साधा स्टेंट तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो, कारण त्यावर क्षार चढतात आणि मग तो ओढूनही निघत नाही. केमोच्या धावपळीत ही तारीख हमखास विसरते. ती फाईलच्या आत नको, वरच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहा.