तुम्ही विचारलंत म्हणून: फायटर माशाची (बेट्टाची) पिल्लं आठवड्याभरात का मरतात?

हा प्रश्न वर्षभर येत राहतो, आणि शब्दही जवळजवळ तेच असतात. "नराने फेसाचं घरटं बांधलं, मादीने अंडी दिली, शे-दीडशे पिल्लं फुटली. तीन-चार दिवस सगळी दिसत होती. मग रोज कमी होत गेली, आता सहा-सात उरलीत. कुठला रोग असेल? कुठलं औषध घालू?"

औषध घालू नका. बहुतेक वेळा रोग नसतोच. पिल्लं उपाशी मेलेली असतात, तीही समोर खाद्य टाकलेलं असताना.

विचारणाऱ्यांपैकी बरेच जण आधी गप्पी मासे पाळून आलेले असतात. डासांच्या अळ्या खायला महापालिका आणि ग्रामपंचायती विहिरीत, हौदात सोडतात तोच हा गप्पी. त्याची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि पिल्लू जन्मतःच ६ ते ८ मिलिमीटरचं असतं. पाकिटातलं खाद्य बोटांनी चुरून टाकलं तरी ते पहिल्या दिवसापासून खातं. गप्पीवर शिकलेला हात फायटरवर नेमका इथे चुकतो. फायटरचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं, दोऱ्याचा तुकडा म्हणावा इतकं बारीक. त्याच्या तोंडात काय मावणार, याचा अंदाज तुम्हीच करा.

पाणी २७-२८ अंशांवर असेल तर अंडी २४ ते ४८ तासांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं घरट्याखाली उभी लटकलेली असतात, शेपटी खाली. या काळात त्यांना बाहेरचं काही लागत नाही. पोटाला बलकाची थैली असते, तिच्यावर भागतं. मग एके दिवशी ती आडवी होऊन पोहायला लागतात. थैली संपली याची ही खूण. नराला त्याच दिवशी बाहेर काढायचं आणि खाद्यही त्याच दिवशी सुरू करायचं. इथून पुढे एक-दोन दिवस पोट रिकामं राहिलं तर पिल्लू इतकं अशक्त होतं की नंतर खाद्य समोर आलं तरी त्याला पकडता येत नाही. तुम्हाला पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवसापासून कमी होताना दिसतात ती यामुळे.

पाकिटातलं खाद्य कितीही बारीक वाटलं तरी इथे उपयोगी पडत नाही. एक तर कण मोठा राहतो. दुसरं म्हणजे तो हलत नाही, आणि या वयाचं पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं. तळाशी पडलेली पूड त्याच्या लेखी खाद्य नव्हेच. ती पूड कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि उपाशी पिल्लांना विषारी पाण्यात राहावं लागतं. दुकानदार उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायला सांगतात. बलकाने पाणी याहूनही लवकर नासतं. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे खाद्य जिवंतच हवं, आणि तोंडाच्या मापाचं हवं.

पहिल्या तीन-चार दिवसांसाठी इन्फ्युजोरिया लागतो. पाण्यातल्या एकपेशीय जिवांचा हा गोतावळा. जुन्या, चालू टँकमधलं पाणी ३-४ लिटर घ्या आणि काचेच्या बरणीत भरा. वाळलेल्या केळीच्या सालीचा दोन बोटं लांबीचा एक तुकडा, नाहीतर उकळत्या पाण्यातून काढलेलं कोबीचं अर्धं पान त्यात टाका. तोंडाला पातळ कापड बांधा, नाहीतर त्यात डास अंडी घालतील. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. हे बॅक्टेरिया, हे पाणी अजून द्यायचं नाही. चौथ्या ते सहाव्या दिवसात ते निवळत जातं आणि फिकट पिवळसर दिसायला लागतं. बरणीमागे टॉर्च धरली की धुळीसारखे ठिपके स्वतःहून इकडेतिकडे सरकताना दिसतात. हे पाणी तयार. वरच्या थरातलं पाणी ड्रॉपरने ओढायचं आणि १० लिटरच्या टँकला दिवसातून तीन-चार वेळा २०-३० मिलिलिटर द्यायचं. पाणी निवळण्याऐवजी कुजका वास यायला लागला तर साल जास्त झाली. ते फेकून द्या आणि निम्म्या सालीवर पुन्हा लावा.

खरी चूक वेळेची होते. लोक अंडी दिसल्यावर बरणी लावतात. अंडी घातल्यापासून पोहायला लागेपर्यंत जेमतेम चार-पाच दिवस मिळतात, आणि बरणीला तेवढेच लागतात, कधी त्याहून एखादा दिवस जास्त. म्हणून नर-मादीला एकत्र सोडायच्या आधी एक बरणी लावा, दोन दिवसांनी दुसरी. पिल्लांच्या टँकमध्ये जावा मॉसचा, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा, जुना गुच्छ असेल तर फार चांगलं. त्याच्या फांद्यांवर हेच जीव आधीपासून असतात, आणि पिल्लं दिवसभर तिथे टिपत राहतात.

याहून भरवशाचं खाद्य म्हणजे व्हिनेगर ईल. नाव ईल असलं तरी हे एक ते दोन मिलिमीटर लांबीचे, केसाहून बारीक जंत आहेत. निम्मं ॲपल सायडर व्हिनेगर, निम्मं पाणी, सफरचंदाच्या दोन फोडी आणि कुणा हौशी पाळणाऱ्याकडून आणलेलं अर्धा कप विरजण (म्हणजे जिवंत जंत असलेलं त्याचं द्रावण, दह्याचं नव्हे), एवढीच तयारी. बाटली कापडाने झाकून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. भरपूर व्हायला महिना लागतो, पण नंतर पाच-सहा महिने तिच्याकडे बघावं लागत नाही. काढायची रीत छान आहे. लांब मानेच्या बाटलीत मानेच्या तळापर्यंत हे द्रावण भरा, मानेत फिल्टरचा कापूस असा बसवा की त्याची खालची बाजू द्रावणात बुडेल, आणि वर साधं, क्लोरीन गेलेलं पाणी ओता. रात्रभरात जंत हवेच्या ओढीने कापसातून वर चढतात. सकाळी ते वरचं पाणी ड्रॉपरने थेट टँकमध्ये. आंबट द्रावण खालीच राहतं. हे जंत गोड्या पाण्यात काही दिवस जगतात आणि मधल्या-वरच्या थरात वळवळत राहतात, म्हणजे पिल्लं असतात तिथेच. इन्फ्युजोरिया जमला की नाही ही धाकधूक ज्यांना नको, त्यांनी हाच मार्ग धरावा.

पोहायला लागून तीन-चार दिवस झाले की आर्टेमिया. फायटरच्या पिल्लांचं आयुष्य ज्यावर उभं राहतं ते खाद्य हेच, त्यामुळे इथे जरा थांबू या. आर्टेमिया हा मिठागरातला, कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव. मुंबईच्या मिठागरांतही त्याची नोंद आहे. बाजारात येणारी अंडी मात्र बरीचशी अमेरिकेतल्या युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधली असतात. ती पाव मिलिमीटरहूनही लहान, कॉफीच्या पुडीसारखी तपकिरी आणि कोरडी असतात. कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात, खारं पाणी मिळालं की दिवसभरात फुटतात.

थंड पेयाची मोठी बाटली घ्या, बूड कापा आणि बूच लावून उलटी टांगा. त्यात १ लिटर पाणी, वजन करून २५ ग्रॅम जाडं मीठ आणि दोन चिमूट खायचा सोडा घाला. पाणी किंचित अल्कधर्मी असलं की अंडी चांगली फुटतात, सोडा त्यासाठी. अंडी सपाट पाव चमचा. शंभर पिल्लांना सुरुवातीला ती पुरून उरतात. एअर पंपाच्या नळीला कडक प्लॅस्टिकची नळी जोडून थेट तळापर्यंत सोडा. नळीच्या टोकाला एअर स्टोन (सच्छिद्र दगड) लावू नका. त्याच्या बारीक बुडबुड्यांनी फेस येतो, अंडी फेसाबरोबर वर जाऊन बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडीच राहतात. मोठे बुडबुडे हवेत, अंडी सतत वरखाली फिरती राहिली पाहिजेत. शेजारी दिवा ठेवा. निदान पहिले काही तास उजेड मिळालाच पाहिजे.

२६ ते २८ अंशांवर २४ तासांत पाणी तपकिरीचं नारिंगी होतं. मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर हे आपोआप होतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात खोली १८-२० अंशांवर आली की ३६ ते ४८ तास लागतात आणि निम्मी अंडी फुटतच नाहीत. तिथे बाटली पाण्याच्या बादलीत उभी करून बादलीत हीटर लावावा. विदर्भाच्या मे महिन्यात उलट काळजी घ्यायची. ३३ अंशांच्या वर अंडी खराब होतात, त्यामुळे बाटली घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा.

काढताना हवा बंद करा, बाटलीचा वरचा भाग काळ्या कापडाने झाका आणि तळाशी टॉर्च धरा. दहा मिनिटांत रिकामी टरफलं वर तरंगतात, आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे खाली गोळा होतात, आणि न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात. बारीक नळीने तळातलं पहिलं थोडं पाणी काढून टाका, मग नारिंगी थर ओढून घ्या. दाट विणीच्या रुमालातून गाळा, वरून गोडं पाणी ओतून मीठ धुवा, आणि ड्रॉपरने द्या. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका. फायटरची पिल्लं ती गिळतात आणि त्यांना ती पचत नाहीत.

खाद्य दिल्यावर दहा मिनिटांनी भिंगातून फायटरचं एक पिल्लू बघा. शरीर पारदर्शक असतं, त्यामुळे पोट भरलं की मोहरीच्या दाण्याहूनही लहानसा नारिंगी गोळा आतून चमकतो. सगळ्या टँकभर हे ठिपके दिसले की समजा, ही पिल्लं जगणार. ज्यांचं पोट आत ओढलेलं आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसतं, त्यांना दोन दिवस पुन्हा व्हिनेगर ईल द्या. त्यांच्या तोंडाला आर्टेमिया अजून मोठा पडतोय.

ताजेपणाबाबत तडजोड नको. फुटल्यावर आर्टेमियाच्या अंगात बलकाचा साठा असतो, आपल्या पिल्लांना खरं पोषण त्यातून मिळतं. ऊबदार पाण्यात आठ-दहा तासांत तो कात टाकतो, साठा वापरून टाकतो आणि आकारानेही वाढतो. म्हणून दोन बाटल्या बारा-बारा तासांच्या अंतराने चालवा. उरलेला आर्टेमिया मिठाच्याच पाण्यात, पसरट डब्यात, फ्रिजमध्ये दिवसभर ठेवता येतो. गोड्या पाण्यात तो काही तासच जगतो, तेव्हा एकदाच भरपूर टाकण्यापेक्षा तीनदा थोडा द्या. अंड्यांचं पाकीट उघडलं की हवाबंद डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह, फ्रिजमध्ये. पावसाळ्यात एकदा दमट हवा लागली की महागाची अंडीही फुटत नाहीत. सुट्टी, बिनलेबलची अंडी घेऊ नका.

वीज गेली, बाटली फसली, अंडी संपली, अशा दिवसांसाठी मायक्रोवर्मचा, म्हणजे लापशीत वाढणाऱ्या बारीक जंतांचा, डबा तयार असावा. ओट्सची किंवा कणकेची घट्ट लापशी शिजवून गार करा, डब्यात बोटभर थर द्या, चिमूटभर यीस्ट भुरभुरा आणि वर विरजणाचा, म्हणजे कुणाच्या चालू डब्यातल्या जंतांसकट लापशीचा, चमचा पसरा. झाकणाला बारीक भोकं पाडून त्यावर कापूस ठेवा. चार-पाच दिवसांत जंत भिंतीवर चढतात. ते बोटाने निपटून टँकमध्ये धुवायचे. तीन-चार आठवड्यांत लापशी पातळ होऊन आंबूस वास वाढतो, त्याआधीच नवा डबा लावा. उणीव एकच, हे जंत तळाला बसतात. म्हणून ते आधाराला ठेवावेत, मुख्य खाद्य करू नयेत.

ट्युबिफेक्स, म्हणजे दुकानात मिळणारे लाल किड्यांचे पुंजके, पिल्लांना देऊ नका. मोठ्या माशांनाही दिले नाहीत तर काही बिघडत नाही. ते सांडपाण्याच्या नाल्यातल्या गाळात वाढतात आणि तिथली घाण पोटात घेऊन येतात. तीन दिवस पाणी बदलून धुतले तरी ते फक्त वरून स्वच्छ होतात. डासांच्या अळ्या मोठ्या फायटरला उत्तम, जोडी लावण्याआधीचे आठ-दहा दिवस तर फारच. पण त्यासाठी गॅलरीत बादली भरून ठेवू नका. ऊबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात अळीचा डास होतो, आणि एक दिवस गाळायचं राहिलं तर त्यातून निघालेला डेंग्यूचा डास तुमच्याच घरात शिरतो. त्यापेक्षा मोईना, म्हणजे पाण्यातल्या बारीक पिसवा, पाळा. २० लिटरचा टब, क्लोरीन गेलेलं हिरवट पाणी, दोन दिवसांनी चिमूटभर यीस्ट विरघळवून, आणि वर मच्छरदाणी. यीस्टने पाणी दुधाळ झालं तर थांबा, सगळी मोईना एका रात्रीत मरण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. रोज पाव हिश्शापर्यंत काढली तर टब चालत राहतो. तीन आठवड्यांच्या पिल्लांना ती बरोबर मापाची होते.

खाद्य वाढलं की घाणही वाढते. रोज दहा टक्के पाणी एअर पंपाच्या बारीक नळीने तळातून ओढा, नळीच्या तोंडाला कापड बांधून. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. टँकवर झाकण ठेवाच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फायटरचा वरची हवा घेणारा अवयव तयार होत असतो, तेव्हा पाण्यावरची हवा ऊबदार आणि दमट लागते. पंख्याचा गार झोत थेट पाण्यावर आला तर नीट खाणारी पिल्लंही दगावतात.

सहाव्या आठवड्यापासून सुकं खाद्य. ते सकाळी, पोट रिकामं असताना, आधी थोडं द्या, आणि आर्टेमिया किंवा मोईना तासाभराने. चार-पाच दिवस पिल्लं तोंडात घेऊन थुंकतील. न खाल्लेलं लगेच उचला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या.