‘मी करतो’ म्हणणारी शास्त्रज्ञ

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या कोल्हापूरच्या शाळेतली मुलं दहा मिनिटांचा विज्ञानपट करतायत, असं कळलं. म्हणून आठवणी बाजूला ठेवून त्यांच्या कामाचं लिहितो.

प्रयोगशाळा, यंत्रमानव, लाल दिवा हा साचा खुशाल वापरा. आपण कुठं आहोत ते प्रेक्षकाला लगेच कळतं. मात्र अद्भुत गोष्ट एकच ठेवा. समजा, पंचगंगेचा पूर आठ दिवस आधी सांगणारं यंत्र. बाकी सगळं खरं: राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. यंत्राच्या जोडीला परग्रहवासीही आणला, तर निम्मा वेळ खुलाशातच जातो.

साच्यातली माणसं मात्र जशीच्या तशी उचलू नका. पाहिलेलं नकळत उतरतं आणि मुलगा शास्त्रज्ञ, मुलगी मदतनीस, गावाकडचं बोलणारा फक्त हशा पिकवायला, अशी वाटणी होते. संहिता झाली की प्रत्येकाची वाक्यं मोजा, आणि निर्णय कोण घेतं तेही बघा. ज्यांच्या घरात पाणी पहिल्यांदा शिरतं, त्यांना नुसतं रडताना दाखवू नका. यंत्राचा आकडा चुकलाय हे त्यांच्यातल्याच कुणाला तरी कळू दे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला मध्यभागी ठेवणारा ‘सावकारी पाश’ हा चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी 1925 साली याच गावात केला.

भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा, पण संवाद पक्के करण्याआधी, कारण मराठीत क्रियापदच बाई की पुरुष ते सांगतं. मुलगी शास्त्रज्ञ झाली आणि कोल्हापुरी वळणानं ‘मी करतो’ म्हणाली, तर ते ‘करते’ करू नका. भविष्यातल्या माणसानं पुस्तकीच बोलावं असं कुठं आहे?

यंत्राच्या पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावू नका. हात लागला की तो चुरचुरतो आणि आवाज संवादावर चढतो. आदल्या दिवशी चंदेरी रंगाचे दोन हात द्या. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. चित्रीकरणाचा फोन आपोआपवर (ऑटो) असला तर चित्रात पट्टे सरकतात. सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, 1/50 सेकंद ठरवून कुलूप (लॉक) लावा. पंखा बंद. संवाद झाले की सगळे गप्प राहून त्याच खोलीचा 30 सेकंद आवाज वेगळा घ्या. संकलनात वाक्यांमधल्या फटी त्यानंच बुजतात.