टोकन घेतलं म्हणजे ब्रोकरेज लागू झालं का?

मावशीचा कोथरूडचा टू बीएचके विकायला काढला तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला, एजंटला 2 टक्के देऊ नका, 1 वर आणा. पुण्यात रीसेलला 1 ते 2 टक्के मागतातच, दोन्ही बाजूंकडून, आणि घासाघीस होतेच. पण खरी भांडणं टक्क्यांवरून होतच नाहीत हो, ती होतात पैसे नेमके कधी द्यायचे यावरून, आणि त्याबद्दल व्यवहार सुरू होताना कोणी चकार शब्द काढत नाही.

झालं असं की एजंटने एक पार्टी आणली, 95 लाखाला बोलणी ठरली, पार्टीने 1 लाख टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, ट्रान्सफर केलं. "एकदम रेडी पार्टी आहे काकू, लोन झाल्यातच जमा." पुढे कळलं की पार्टीचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, गडबडलेलं, बँकेने लोन नाकारलं. मावशीने टोकन पूर्ण परत केलं, कारण तरुण जोडपं होतं आणि तिचा स्वभावच तसा. दोन दिवसांनी एजंटचं बिल व्हॉट्सअॅपवर. 1,90,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 34,200, एकूण 2,24,200 रुपये. म्हणे तुम्ही सही केलेल्या मँडेट लेटरमध्ये, म्हणजे घर विकायचं काम मला दिल्याच्या पत्रात, लिहिलंय, मालकाने टोकन स्वीकारलं की ब्रोकरेज देय होतं. आणि वर, टोकन जप्त झालं असतं तर त्यातलं निम्मं माझं होतं, तुम्ही मला न विचारता परत का दिलंत?

लेटर काढून बघितलं तर खरंच लिहिलेलं होतं. दीड पानी इंग्रजी, त्यात मधेच एक ओळ.

आता कायदा काय म्हणतो ते. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, जुनाच, पण एजंट आणि मालक यांचं नातं त्यात बऱ्यापैकी सांगितलंय. कलम 219 म्हणतं की वेगळा करार नसेल तर एजंटला मोबदला काम पूर्ण झाल्याशिवाय देय होत नाही. सगळा खेळ त्या "वेगळा करार नसेल तर" मध्ये आहे. तोंडी ठरलेलं असतं तर मावशीची बाजू भक्कम होती, घर विकलंच गेलं नाही तर कसलं ब्रोकरेज. पण लेटरमध्ये टोकन लिहिलं की तेच "वेगळा करार" होतो, आणि मग वाद सुरू होतो की काम म्हणजे नक्की काय, गिऱ्हाईक आणून देणं की विक्री होणं. एजंट म्हणणार आणून दिलं, मालक म्हणणार ज्याला कर्ज मिळत नाही ते गिऱ्हाईक कसलं. माझं मत विचाराल तर एजंटने "रेडी" म्हणून आणलेली पार्टी पैशाने रेडी नसेल तर त्याचं काम अर्धंच झालंय, मग लेटरमध्ये काहीही लिहिलेलं असो.

पहिला विचार आला महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे जाऊ. नाही. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी रेरात नोंदवलेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीपुरती आहे, तीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट त्यात बसत नाही. असल्या वादाला दिवाणी कोर्ट, नाहीतर आपण एजंटला पैसे दिलेले किंवा द्यायचे कबूल केलेले असतील आणि सेवेत खोट असेल तर ग्राहक आयोग. दोन्हीकडे किती वेळ जातो ते सगळ्यांना माहितीये, एजंटलाही माहितीये, म्हणूनच तो व्हॉट्सअॅपवर जास्त बोलतो आणि नोटीस पाठवत नाही.

जीएसटीचा भाग मात्र पाच मिनिटांत मिटला. मावशीने विचारलं, तुमचा जीएसटी नंबर द्या, मी पोर्टलवर बघते. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी वसूल करताच येत नाही. नंबर काही आला नाही, पण 34,200 बिलातून गेले.

एजंटांच्या बाजूने पण बोललं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. पंचवीस घरं दाखवायची, उन्हात बाईकवर, आणि मग मालक आणि पार्टी खालच्या चहाच्या टपरीवर भेटून डायरेक्ट डील करणार, असं सर्रास होतं. म्हणून ते व्हिजिट फॉर्मवर सही घेतात, म्हणून लेटरमध्ये टाकतात की लेटरची मुदत संपल्यावर सहा महिन्यांत विकलं तरी ब्रोकरेज. हे कलम मला चुकीचं वाटत नाही, फक्त मुदत संपताना त्याने कोणाकोणाला घर दाखवलं त्यांची नावं लिहून द्यावीत. नावं नसतील तर उद्या शेजारच्या मजल्यावरच्याला विकलंत तरी तो दारात हजर.

एक्सक्लुझिव्ह मँडेट अजून वेगळं दुखणं. वर्षभर दुसऱ्याला द्यायचं नाही, स्वतःही विकायचं नाही. मध्येच सबळ कारण नसताना काढून घेतलंत तर कलम 205 प्रमाणे भरपाई द्यावी लागू शकते, पण भरपाई म्हणजे आपोआप पूर्ण 2 टक्के असं त्यात कुठे नाहीये. वर्षाच्या ऐवजी तीन महिने लिहून घ्या, बस. आणि "तुम्हाला हातात 90 लाख देतो, वरचं माझं" वाला प्रकार तर घेऊच नका, कारण मग तो नक्की कोणासाठी काम करतोय तेच कळत नाही, आणि आपलं घर कितीला गेलं ते आपल्याला शेवटी कळतं.

तर मावशीचं पुढे काय झालं. ती भांडली नाही. तिने एजंटला घरी बोलवून पोहे दिले आणि सांगितलं की घर अजून विकायचंच आहे, तुम्हीच विका, पण जुनं लेटर रद्द करून नवीन मराठीत करू, जुनं बिल सोडून द्यायचं. ब्रोकरेज दीड टक्का, त्यातलं निम्मं साठेखत, म्हणजे विक्रीआधीचा करार, रजिस्टर झाल्यावर आणि निम्मं मालकाला पूर्ण पैसे मिळून ताबा दिला की. टोकन परत करायचं की जप्त करायचं ते मालक ठरवणार. तो कुरकुरला, "काकू, मार्केटमध्ये असं कोणी देत नाही," पण सही केली, कारण दुसरा पर्याय शून्य होता.

पुढची पार्टी त्यानेच आणली, आणि यावेळी बँकेचं सँक्शन लेटर बघूनच टोकन घेतलं. साठेखत हवेलीच्या नोंदणी ऑफिसला रजिस्टर झालं, पहिला चेक तिथेच दिला. बँकेचे पैसे अजून यायचेत, त्यामुळे दुसरा चेक अजून मावशीकडेच आहे आणि एजंट दर सोमवारी फोन करून डिसबर्समेंटची चौकशी करतो, बँकेला पण आणि मावशीला पण.