तुम्ही विचारलंत म्हणून: साथीच्या दिवसांत मुले कोणत्या ठिकाणावर विश्वास ठेवतात

विशीतल्या मुलामुलींच्या सहली पुण्याहून नेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि त्यांचे आईवडील मला हटकून विचारतात, "साथ चालू असतानाही ही मुले जायला तयार होतात, त्यांना भीती वाटत नाही का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्यांना भीती वाटते. मात्र बहुतेक वेळा ती स्वतः आजारी पडण्याची नसते.

मे 2018 मध्ये केरळच्या कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत निपाहची साथ आली, तेव्हा जूनमधल्या आमच्या वायनाड सहलीची तिकिटे काढून झाली होती. वटवाघळांकडून येणारा, तोपर्यंत आमच्यापैकी कोणी नावही न ऐकलेला आजार, त्यावर लस नाही, आणि बाधितांपैकी बहुतेकांचा मृत्यू. एवढे घाबरायला पुरेसे होते. त्याच सुमारास तिथल्या आरोग्य खात्याने प्रवाशांसाठी सूचना काढली. राज्यात कुठेही प्रवास सुरक्षित आहे, तरीही ज्यांना अधिक काळजी घ्यायची असेल त्यांनी कोझिकोड, मलप्पुरम, वायनाड आणि कण्णूर हे चार जिल्हे टाळावेत, असा तिचा आशय होता. वायनाडचे नाव त्यात आल्यामुळे आपली सहल बुडाली असे मी गृहीत धरले होते, पण चौदापैकी अकरा जण त्याच केरळमधल्या मुन्नारला यायला तयार झाले. एका मुलीने कारण सांगितले ते असे: "कुठे येऊ नका हे ते स्वतःच सांगत आहेत, म्हणजे बाकीच्या जिल्ह्यांबद्दलही खरेच बोलत असणार." (हीच मंडळी जाताना कोझिकोड स्थानकावर चहालाही खाली उतरली नाहीत, आणि मुन्नारच्या वळणावळणाच्या घाटात मात्र हेल्मेटशिवाय दुचाकी चालवायला निघाली होती.)

गोव्याचा अनुभव वेगळा होता. 2 जुलै 2020 रोजी गोव्याने देशातील पर्यटकांसाठी दारे उघडली, तेव्हा 48 तासांच्या आतला करोनाचा निगेटिव्ह अहवाल तरी आणावा लागे, नाहीतर तिथे पोहोचल्यावर चाचणी करून घ्यावी लागे. 1 सप्टेंबरपासून ही अट गेली. मोकळीक मिळाल्यावर मुलांचा विश्वास वाढेल असे मला वाटले होते, आणि अनेकांचा वाढलाही. पण त्याचे कारण कोणतीही सरकारी घोषणा नव्हती, तर मित्रांनी टाकलेले बागा किनाऱ्यावरचे गर्दीचे फोटो होते. एवढे लोक गेले आहेत म्हणजे ठीकच असणार, हा तर्क मला आजही घातक वाटतो, कारण साथीत गर्दी हाच मुळात धोका असतो. मे 2021 मध्ये बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातील ऑक्सिजनच्या तुटवड्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्या फोटोंमधला फोलपणा अनेकांच्या लक्षात आला.

ते फोटो पाहूनही काही जण गोव्याला न जाता थांबले होते, आणि त्यांचे प्रश्न ऐकण्यासारखे होते. घरी आजी आहे, परतल्यावर तिच्यापासून वेगळे राहायला दुसरी खोली नाही. 25 नोव्हेंबर 2020 पासून महाराष्ट्राने गोव्याहून येणाऱ्या प्रवाशांकडे चाचणीचा अहवाल मागायला सुरुवात केली, तेव्हा मला येणारे फोन एकदम वाढले, आणि ते सगळे परतीबद्दल होते. मध्येच नियम बदलला तर अडकून पडू का? तिथेच पॉझिटिव्ह आलो तर राहायचे कुठे, आणि तो खर्च कोणी द्यायचा? स्वतःच्या शरीरावर त्यांचा जरा जास्तच भरवसा असतो, हे मान्य; पण अडकून पडण्याची आणि घरी आजार नेण्याची धास्ती खरी असते.

म्हणून आता सहल ठरवण्यापूर्वी आम्ही जिथे उतरणार त्या घराच्या मालकाला मी मुलांसमोरच स्पीकरवर फोन लावतो आणि गावात काय आजार चालू आहे ते विचारतो. "काही नाही हो, बिनधास्त या" असे उत्तर आले की मुले एकमेकांकडे पाहतात. मागच्या पावसाळ्यात तळकोकणातल्या एका काकूंनी सांगितले, की वाडीत दोघांना डेंग्यू झाला आहे, मच्छरदाण्या आम्ही देऊ, पण अंगभर कपडे घेऊन या, आणि सरकारी दवाखाना सहा किलोमीटरवर आहे. फोन ठेवायच्या आत नऊ जणांनी नावे दिली.